बिनशिडीची बस

"सुट्टीत शाळा? आणि तीही अजून शाळेत न गेलेल्या पोरांची?" हा प्रश्न मला पहिल्यांदा आमच्या घरमालकांनी विचारला आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता हसत हसत जिना उतरूनही गेले. पुढे हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की मी उत्तर देणं सोडूनच दिलं. या दिवाळीच्या निमित्तानं संपादकांनी तो पुन्हा विचारला आहे आणि ते जिना उतरून जाऊ शकत नाहीत, तेव्हा सांगते.

नाशिकच्या सातपूर भागात मी बालवाडी चालवली. चालवली म्हणजे कुलूप मी उघडायचे, झाडू आमच्या मदतनीस कमलताई मारायच्या आणि रडणारी पोरं आम्ही दोघी निम्मी निम्मी वाटून घ्यायचो. आजूबाजूला सगळे कारखाने. वस्तीतल्या घड्याळापेक्षा भोंग्यावर लोकांचा जास्त विश्वास. वडील शिफ्टला गेलेले किंवा शिफ्ट करून झोपलेले, आणि "हळू बोला, बाबा झोपलेत" या वाक्यावर वाढलेली मुलं. कुणी सिन्नरकडचे, कुणी वणीकडचे, कुणी थेट पेठच्या डोंगरातून नोकरीसाठी खाली उतरलेले. घरं मात्र सगळ्यांची एकाच मापाची, एक खोली आणि पुढे ओटा.

बालवाडीच्या बाईला जून महिना कसा जातो, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पहिल्या दिवशी पंचवीस-तीस मुलं एकदम रडतात. एक गप्प झालं की दुसरं त्याचं बघून आठवण झाल्यासारखं सुरू करतं. एकानं माझा पदर ओला केला, एक खिडकीच्या गजाला लटकलं, एक सरळ निघून चाललं. लोक म्हणायचे, चार दिवस रडतील आणि गप्प बसतील. बसायचीही. पण मला ते गप्प बसणं आवडायचं नाही. दमून बसणं आणि रमून बसणं यातला फरक आम्हा बालवाडीवाल्यांना लांबूनही दिसतो.

विचार केला तर चूक मुलांची नव्हतीच. जे पोर गल्लीच्या टोकाच्या पलीकडे कधी गेलं नाही, त्याच्यापुढे आपण एकाच दिवशी नवी जागा, नवी बाई, नवा डबा आणि नवी पोरं असं सगळं एकदम वाढून ठेवतो. त्यापेक्षा आधी गाव दाखवावं आणि मग शाळा. पिठाची गिरणी असते, टपालाची पेटी असते, बस असते, तशीच एक शाळाही असते, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ. म्हणून मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, जूनमध्ये येणाऱ्या मुलांना घेऊन आम्ही हिंडायला लागलो. त्याला मी "शहराची ओळख" असं भारदस्त नाव दिलं होतं. वस्तीतले लोक "बाईंची हिंडणारी शाळा" म्हणायचे, आणि तेच नाव टिकलं.

या कामाची हत्यारं अगदी साधी. एक लांब सुती दोरी, तिला ठरावीक अंतरावर गाठी आणि प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी. प्रत्येक मुलानं आपली गाठ धरायची आणि सोडायची नाही. हाताला हात धरून रांग केली तर मुलं एकमेकांना ओढतात, भांडतात आणि घामानं हात सुटतात. गाठ मात्र प्रत्येकाची स्वतःची असते, आणि चार वर्षांचं माणूस स्वतःच्या वस्तूसाठी जीव टाकतं. निघण्याआधी सगळ्यांना एकदा मोरीवर न्यायचं. "घाबरू नकोस" असं कधीही म्हणायचं नाही, कारण तोवर जे पोर घाबरलेलं नसतं, ते ते ऐकून घाबरतं. आणि परत कधी जाऊ, याचं वचन कधीच द्यायचं नाही, कारण मोठी माणसं विसरतात आणि ही पोरं विसरत नाहीत.

गिरणीत गेलो की गिरणीवाले काका मुलांना कोमट पीठ हातात घेऊ द्यायचे. टपाल कार्यालयात एका दिलदार कारकुनानं सगळ्यांच्या तळहातावर शिक्का मारला, आणि पुढचे दोन दिवस एकाही पोरानं हात धुऊ दिला नाही, अशी तक्रार घरोघरून आली. त्र्यंबक रोडवरच्या सिग्नलला उभे असणारे हवालदार मला एकदा खिन्न होऊन म्हणाले, "बाई, ही पोरं मला बघून रडतात का हो?" मी खरं ते सांगितलं. प्रत्येक घरात न जेवणाऱ्या पोराला "पोलीस धरून नेईल" असं सांगून भात भरवतात. हवालदारांनी टोपी काढली, गुडघ्यावर बसले आणि मुलांना शिट्टी वाजवायला दिली. एका पोरानं ती जीव खाऊन वाजवली आणि खरोखरच दोन्हीकडच्या मोटारसायकली थांबल्या.

सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे बसनं मुख्य स्टँडपर्यंत जाऊन येणं. तेव्हा नाशिकची शहर बसही एसटीच चालवायची. एकदा एका कंडक्टरनं लाडानं एका मुलीला घंटीची दोरी ओढू दिली. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे तिला आम्हीच शिकवलेलं. तिनं शिकवल्याप्रमाणे दोन टोले दिले, तेव्हा आमची निम्मी दोरी बसमध्ये होती आणि निम्मी खाली रस्त्यावर. ड्रायव्हर वीतभर पुढे गेला असेल तेवढ्यात कंडक्टर असा ओरडला, की पुढच्या थांब्यावरची माणसंसुद्धा चढायची थांबली असतील. त्यानंतर दोरी पूर्ण आत आल्याशिवाय घंटीला हात लावायचा नाही, हा नियम झाला.

यातली खरी मजा मला कळली ती एकदा पाय दुखतात म्हणून थांब्यावर उकिडवी बसले तेव्हा. चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून दिसणारं शहर वेगळंच असतं. पाट्या दिसत नाहीत. नाल्यावरच्या फरश्या, माणसांची गुडघ्याखालची बाजू, हातगाडीची चाकं आणि झोपलेली कुत्री दिसतात. आपण पाट्या वाचत हिंडतो, ही पोरं कलिंगडाचे ढीग आणि उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाचत हिंडतात. त्या दिवसापासून मी त्यांना "इथे काय आहे" असं सांगायचं बंद केलं आणि "तुला काय दिसतं" असं विचारायला लागले.

असंच एकदा थांब्यावर आम्ही खेळ खेळत होतो. येणारी लाल बस आपली, म्हणजे शहराची, की परगावची? मोठी माणसं पाटी बघतात. मुलांनी काय बघावं? एक शेंबडं पोर जाणाऱ्या बसकडे बोट दाखवून म्हणालं, "तिला शिडी आहे." आणि खरंच की! परगावच्या एसटीच्या टपावर सामान चढवतात, म्हणून तिच्या पाठीला लोखंडी शिडी. आमच्या तिथून जाणाऱ्या शहर बसला ती नव्हती. इतकी वर्षं त्या बसमधून प्रवास करून मला हे कधी दिसलं नव्हतं. मग रोज थांब्यावर नुसता गिल्ला, "शिडीऽऽ! बिनशिडीऽऽ!"

आता ज्या गोष्टीसाठी एवढं सांगत आले, ती. नव्वदच्या दशकातला एक मे महिना. पहिल्याच दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दाराशी आली. बाईचं नाव लंका, मुलीचं मंजुळा, पण हाक मंजी. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची माणसं. नवरा काशिनाथ एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता आणि वर्षभरापूर्वीच या दोघींना इकडे घेऊन आला होता. मंजीनं आईचं लुगडं दोन्ही मुठीत धरलेलं. सोडवायला गेले तर रडली नाही, ओरडली नाही, नुसती मूठ आणखी घट्ट केली. असं मूल रडणाऱ्यापेक्षा अवघड.

"बाई, पोरगी सोडंना," लंका म्हणाली. "मी बसू का हितंच, भाईर?"

आयांना आत घ्यायचं नाही हा माझा नियम कडक होता. एक आई आत आली की उरलेल्या सगळ्या मुलांना आपापली आई आठवते. मी तसं सांगितलं. कमलताई माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "आत घेऊ नका हो, पण दोरीला घ्या की. दोरी तर बाहेरच असते." कमलताईंपुढे माझं नेहमीच असं व्हायचं. लंकेला दोरीची शेवटची गाठ मिळाली. तिच्यापुढची मंजीची.

तर अशी आमची वरात निघायची. पुढे मी, मध्ये पोरं, आणि शेवटी डोक्यावर पदर घेतलेली, खाली मान घालून गाठ धरलेली एक उंच बाई. ओट्यांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "लंके, तुझं नाव घातलं का गं बालवाडीत?" पण मी मागे वळून बघायचे तेव्हा तिची मान वर असायची आणि डोळे सगळीकडे फिरत असायचे. टपालपेटीपाशी तिनंही हळूच आत हात घालून बघितला. शिडीचा खेळ सुरू झाला की पोरं ओरडायची आणि तिचे नुसते ओठ हलायचे.

एकदा परत येताना तिनं मला विचारलं, "बाई, सगळ्याच भाईरच्या गाडीला शिडी असती?"

"असते."

"आन् आपल्या शहरच्या?"

"आपल्या इथून जाणाऱ्यांना नसते."

तिनं मान हलवली. मला वाटलं, मंजीला समजावून सांगायला विचारत असेल.

त्याच आठवड्यात काशिनाथभाऊ सुट्टीच्या दिवशी मला भेटायला आले. सडपातळ, अबोल माणूस. चप्पल बाहेर काढून, हात जोडून उभे राहिले. "बाई, तुमी पोरीसाठी लय करता. पन तिची जागा धरून ठेवू नका. जून लागला की दोघींना गावाला धाडतोय. कायमचं."

मी कारण विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. होळीच्या सुमाराला लंका माहेरून एकटीच पोरीला घेऊन परत येत होती. पेठच्या एसटीनं सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य स्टँडला, नीट आली. तिथून सातपूरची शहर बस धरायची. तिनं कुणाला तरी "सातपूर?" म्हणून विचारलं, त्यानं समोरच्या रस्त्याकडे हात केला आणि समोर एक लाल बस उभी होती. ती चढली. ती बस त्र्यंबकची, मध्ये कुठेही न थांबणारी. गंमत म्हणजे ती सातपूरवरूनच जाते. लंकेला खिडकीतून आपली वस्ती दिसली, कारखान्यांची धुराडी दिसली, ती उठून दारापर्यंत आली आणि बस मात्र सरळ पुढे निघून गेली. लाजेनं तिच्या तोंडून "थांबवा" एवढासुद्धा शब्द निघाला नाही. त्र्यंबकच्या स्टँडवर ती पोरीला कुशीत घेऊन बसून राहिली. इकडे काशिनाथ शिफ्ट संपवून सीबीएसला गेले, तिथून माघारी आले, पुन्हा गेले. शेवटी दिवेलागणीला त्र्यंबकला सापडली.

"त्या दिशी लय भ्यालो मी बाई," ते म्हणाले. "मी दिवसभर कंपनीत. हिला शहर उमगत नाय. उद्या पोरीला शाळेत सोडाया निघाली आन् पुन्हा कुठं गेली, तर? गावात कशी का व्हईना, डोळ्यापुढं राहतील सगळ्यांच्या."

तो जाच करणारा नवरा असता तर मी चांगलं खडसावलं असतं, मला ते जमतं. पण हा बिचारा भ्यालेला होता, आणि त्याचं भिणं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लंकेला एकटीला विचारलं. तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं. "मला नाय जायचं बाई. गावची शाळा पल्याडच्या पाड्यावर. मधी वहाळ. पावसाळाभर पोरं घरीच. माजं बी तसंच झालं. दोन पावसाळं गेलं आन् मंग कुणी धाडलंच नाय." मग म्हणाली, "मंजीचं तसं व्हऊ नये."

एवढंच होतं. जूनमध्ये ती पोर बालवाडीत बसणार की नाही, हे एका चुकलेल्या बसवर येऊन ठेपलं होतं.

आमच्या या हिंडण्याचा शेवट मेच्या शेवटच्या आठवड्यात "उलट्या सहली"नं व्हायचा. एरवी मोठी माणसं मुलाला नेतात, त्या दिवशी मुलानं मोठ्यांना न्यायचं. कुठे जायचं ते मूल ठरवणार, रस्ता ते दाखवणार, आणि आई-बापांनी तोंड बंद ठेवून मागून चालायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हात ओढायचा नाही. रोज एका घराची पाळी. दूर अंतरावरून मी. काही विपरीत होतंय असं दिसलं तरच मी बोलणार. मुलांना हे कधीच जड गेलं नाही, आई-बापांना फार जड जायचं. एका सुपरवायझर वडिलांना तर गप्प बसणं जमेचना. त्यांच्या चिरंजीवांनी त्यांना कोपऱ्यावरच्या बर्फगोळ्याच्या गाडीपर्यंत नेलं आणि जाहीर केलं, "सहल संपली."

काशिनाथभाऊ यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "एकदा या. पोरगी नीट घेऊन गेली आणि नीट घेऊन आली, तर मग विचार करा." ते म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर येतो बाई. पोरीनं नेलं-आनलं तर बघू." मंजीला कुठे जायचं विचारलं, तर ती म्हणाली, "ष्टँडवर." चार वर्षांची पोरगी बागेचं नाव घेईल, आइस्क्रीमचं घेईल, स्टँडचं कशाला? मी लंकेकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

जाताना सगळं नीट झालं. मंजी बापाचं बोट धरून तरातरा चालली. थांब्यावर एक शिडीची बस सोडली, दुसरी बिनशिडीची धरली. सीबीएसला उतरल्यावर तिनं बापाला रसवंती दाखवली, पाण्याची टाकी दाखवली, हमालांचे लाल सदरे दाखवले. काशिनाथभाऊंचा चेहरा सैल होत चालला होता. लंका दोन पावलं मागे, आणि मी आणखी मागे.

घोटाळा झाला तो परतीला. सातपूरची बस जिथे लागायची, त्या जागेची मंजीची खूण म्हणजे कलिंगडांचा ढीग. महिनाभर येता-जाता तो तिथे होता. आणि त्या दिवशी ढीग नव्हता. मोसम सरत आला होता, विक्रेता माल संपवून गेला होता, खाली नुसतं वाळलेलं गवत पसरलेलं. मंजी त्या गवतावर उभी राहिली आणि तिचा चेहरा कोरा पडला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. नेमकी तेव्हाच समोर एक लाल बस येऊन उभी राहिली. माणसं धावली, खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागली. बाकीचे चढतायत म्हणजे हीच असेल, असं तिच्या जिवानं ठरवलं असावं. तिनं बापाचं बोट ओढलं आणि दाराकडे चालू लागली.

पाटी मला स्पष्ट दिसत होती. त्र्यंबक. काशिनाथभाऊंनाही दिसली असणार, त्यांना वाचता येत होतं. पण ते नियमाला धरून गप्प राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, "मी म्हणत होतो ना" एवढंच होतं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. मंजीचा एक पाय पायरीवर गेला. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"मंजे, थांब."

लंका बसच्या मागच्या बाजूला उभी होती. पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला.

"शिडी हाय हिला. बापाला सांग, ही त्र्यंबकाला जाती."

त्यांच्याकडे चारचौघांत नवऱ्याशी सरळ बोलायची रीत नव्हती. जे सांगायचं ते पोराला मध्ये घेऊन सांगायचं. मंजीनं पायरीवरून पाय काढला आणि बापाला इमानेइतबारे सांगितलं, "ही त्र्यंबकाला जाती."

काशिनाथभाऊ लंकेपासून दोन हातांवर उभे होते. तेही मंजीलाच म्हणाले, "मंग आपली कंची, ईचार आईला."

"त्यांना सांग, येईल आता. त्या खांबाजवळ लागती. बिनशिडीची."

मंजीनं तेही पोचवलं. त्र्यंबकची बस निघून गेली. आम्ही सगळे खांबाजवळ उभे राहिलो. मग बिनशिडीची बस आली, लंकेनं मागे जाऊन खात्री केली, आणि सगळ्यांच्या आधी ती चढली. मंजीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. काशिनाथभाऊ दांड्याला धरून उभे होते आणि सबंध वाटभर बायकोच्या मानेकडे बघत होते. सातपूर जवळ आलं तशी ती उठली, दाराशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "थांबवा!" थांबा तसाही होणारच होता. कंडक्टर म्हणाला, "थांबतोय बाई, ओरडता कशाला?" मी तोंड दुसरीकडे करून हसले, आणि खरं सांगायचं तर डोळेही पुसले.

मला वाटलं, जिंकलो. पण उतरल्यावर काशिनाथभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, पटलं मला. पन आवणीला दोघींना जावं तर लागंलच. म्हातारी मानसं हायेत, भाताची लावणी कोन करणार? आवणी झाली की मग बघू."

"बघू" या शब्दाचा अर्थ बालवाडीच्या बाईला नीट ठाऊक असतो. "बघू" म्हणून गेलेली मुलं मी पुष्कळ पाहिली होती.

जून लागला. बालवाडी भरली. ज्या मुलांनी मे महिन्यात दोरी धरली होती, ती चार दिवसांत रमली. "ती बघ गिरणी, ती बघ शाळा" म्हणत येत होती. लोकांना दाखवायला माझ्याकडे पुरावा होता, आणि तरी माझं लक्ष दाराकडे असायचं. काशिनाथभाऊ एकदा रस्त्यात दिसले. विचारलं तर म्हणाले, "अजून आवणी चालूच हाय." नंतर दिसले तेव्हा म्हणाले, "आता पोळ्याला जाईन, तवा घेऊन येतो." पोळ्यानंतर गणपती, गणपतीनंतर नवरात्र आणि वणीची यात्रा. मला तो सगळा क्रम पाठ होता. मी त्या मुलीचा विचार मनातून काढून टाकायचं ठरवलं.

श्रावण नुकताच लागला होता. मुलांचं उसळ खाणं चाललं होतं. कमलताई दाराकडे बघून म्हणाल्या, "बाई, हे कोण बघा."

लंका दारात उभी होती. डोक्यावर गाठोडं, पायांना भेगा पडलेल्या, नखांत अजून शेतातला चिखल. शेजारी मंजी, उन्हापावसानं काळवंडलेली, केसांना चापूनचोपून तेल.

"काशिनाथभाऊ कुठेत?" मी विचारलं.

"कंपनीत. फस्ट शिफ्ट हाय त्यांची." तिनं गाठोडं खाली ठेवलं. "खोलीला कुलूप हाय म्हून हिकडंच आले. आवणी काल सरली. सकाळच्या गाडीनं निघालो आमी दोघी." मग जरा घाबरत म्हणाली, "जागा हाय का बाई हिला?"

जागा! मी दारातून बाजूला झाले. मंजीनं आत येऊन एक रिकामं आसन बघितलं आणि जाऊन बसली. कमलताईंनी तिच्यापुढे उसळीची वाटी ठेवली.

बातमी वस्तीतून कंपनीच्या गेटपर्यंत कशी पोचली कोण जाणे. पण बालवाडी सुटायच्या आत काशिनाथभाऊ कंपनीच्याच कपड्यांत धापा टाकत आले. दारात थांबले. आतली पोरगी बघितली, ओट्यावर बसलेली बायको बघितली, आणि मला विचारलं, "बाई, ह्यांना घेऊन कोन आलं?"

मी काही बोलले नाही. उलट्या सहलीचा नियम होता तो, मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

"मी पोळ्याला आननारच होतो," ते मंजीकडे बघत पुटपुटले.

लंका उठून उभी राहिली. या वेळी तिनं पोरीला मध्ये घेतलं नाही. सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पोळ्यापत्तुर शाळा थांबती का?" आणि तळहात पुढे केला. "किल्ली द्या. आन् आजच्या आज दुसरी करून आना. मला रोज लागंल."